भेट द्यावी, पण हाताला लागेल अशी!

मैत्रिणींनो, हल्ली आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी कुणी ना कुणी केक सजवायला शिकत असतं. कुणाची नणंद, कुणाची भाची, तर कुणाची शेजारीण. तिचा वाढदिवस आला की आपण म्हणतो, "हिला केकचंच काहीतरी देऊ या." विचार चांगला, पण दुकानात गेलं की डोळे दिपतात आणि नेमकं नको ते उचललं जातं. हे मी अनुभवानं सांगते आहे बरं का!

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेनं केक सजावटीचा छोटासा वर्ग केला. मी हौसेनं तिच्यासाठी एक भलीमोठी पेटी आणली. आत शंभरावर वस्तू. देताना मलाच केवढा आनंद! पुढे दिवाळीत फराळाचे डबे काढायला माळ्यावर चढले, तर पेटी तिथे. विचारलं तेव्हा ती चाचरत म्हणाली, "ताई, रागावू नका. एवढ्या नळ्यांतली आधी कुठली घ्यायची तेच समजेना. आणि ते फिरतं ताट डुगडुगतं. केकची कड सरळ येतच नव्हती. म्हटलं, आपला हातच वाईट."

मला फार चुटपुट लागली. ताटाचा दोष तिनं स्वतःच्या हाताला लावून घेतला होता आणि शिकणंच सोडून दिलं होतं! शाळेत मी हे नेहमी पाहते. टोक न टिकणारी पेन्सिल हाती पडलेलं मूल "पेन्सिल वाईट" असं म्हणत नाही, "मला चित्र येत नाही" असं म्हणतं. नवशिक्या माणसाला भेट देताना एवढं ध्यानात ठेवावं. वस्तू थोड्या द्याव्यात, पण चोख द्याव्यात.

पहिला मान टर्नटेबलचा, म्हणजे त्या फिरत्या ताटाचा. क्रीम लावताना हात स्थिर ठेवून ताट फिरवायचं असतं. ते डुगडुगलं की कड वाकडी झालीच. अठ्ठावीस-तीस सेंटीमीटर व्यासाचं, जरा वजनदार, खाली रबराचे पाय असलेलं घ्या. दुकानातच सपाट जागी ठेवून फिरवा आणि वाकून कडेकडे बघा. कड वरखाली होत असेल, किंवा एका बाजूला बोट दाबल्यावर ताट कलत असेल, तर खुशाल परत करा.

त्याच्या जोडीला दोन पॅलेट नाइफ: एक आठ इंचांचा सरळ, आणि एक मुठीजवळ वाकवलेला, लहान पात्याचा. शिवाय बाजू सारख्या करायला स्टीलचा स्क्रॅपर. तो केकच्या उंचीपेक्षा थोडा उंच हवा.

आता नोझल. चकलीच्या सोऱ्यातली चांदणीची चकती आपल्याला ठाऊक आहेच, नोझल म्हणजे तीच युक्ती. शंभराची काही गरज नसते, सुरुवातीला पाच पुरतात. मोठ्या उघड्या चांदणीचं (१एम), मिटलेल्या चांदणीचं (२डी), पाकळीचं (१०४), पानाचं (३५२) आणि नाव लिहायला बारीक गोल तोंडाचं (३). हे क्रमांक बऱ्याच नोझलांवर कोरलेले असतात. टोकाचा काप स्वच्छ आहे ना, जोड उठून आलेला नाही ना, ते बोट फिरवून पाहा. सोबत बारा इंची पायपिंग बॅगांचं एक पुडकं द्या. ज्या मुलीला मेंदीचा कोन धरता येतो, तिला ही पिशवी परकी वाटायची नाही.

तुम्ही म्हणाल, यात मिरवण्यासारखं काय आहे? खरं आहे. पण आणखी एक वस्तू अशीच साधी आणि फार उपयोगी: एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. आज केक जमला आणि उद्या बसला, यात पुष्कळदा दोष मापाचा असतो. वाटीत पीठ दाबून भरलं की वाढतं, चाळून भरलं की घटतं.

रंग द्यायचे तर जेलचे द्या. पातळ रंगानं क्रीम सैल पडतं. जेलचा सुईच्या टोकाएवढा ठिपका पुरतो. लाल, पिवळा आणि निळा एवढे तीन दिले तरी बाकीचे ती मिसळून करील. चॉकलेटला मात्र हे चालत नाहीत, पाण्याच्या अंशानं ते घट्ट होऊन दाणेदार बनतं. त्याला तेलातले वेगळे रंग मिळतात. घेताना वापरण्याची मुदत वाचा. घर शाकाहारी असेल तर हिरवा ठिपकाही बघा, कारण सजावटीच्या काही पदार्थांत जिलेटिन असतं. चमकीच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. डबीवर नुसतं "बिनविषारी" लिहिलेलं असलं म्हणजे ती खाण्याची होत नाही. "खाण्यायोग्य" असं स्पष्ट लिहिलेलं आणि आतले घटक छापलेले असतील, तरच घ्या.

काय देऊ नये, तेही सांगते. फाँडंटचे साचे पहिल्या वर्षी नकोत. आपल्याकडच्या पावसाळी हवेत फाँडंट ओलसर होऊन चिकटतो आणि नवी मुलगी रडकुंडीला येते. गोठवलेल्या क्रीमचा डबाही गुपचूप आणू नका, फ्रीजरमध्ये जागा आहे का ते आधी विचारा. बीटरसारखी महाग वस्तू एकटीनं घेण्यापेक्षा चौघींनी वर्गणी काढून घ्यावी, म्हणजे जडही जात नाही आणि वस्तू चांगली येते.

खरी भेट म्हणजे सरावाची सोय. दर वेळी केक भाजून, क्रीम फेटून सराव करायचा म्हटलं तर घरखर्चात बसत नाही, आणि चुकलं की "नासाडी झाली" हे ऐकावं लागतं. त्यावर युक्ती अशी: शंभर ग्रॅम वनस्पती तुपात दोनशे ग्रॅम आयसिंग शुगर घालून हलकं होईतो फेटायचं. टर्नटेबलवर स्टीलचा डबा पालथा घालायचा आणि त्यावर फुलं, पानं, कड सगळं काढायचं. झालं की खरवडून पुन्हा पिशवीत! हे मिश्रण खाण्यासाठी नाही, पण झाकून ठेवलं तर पुष्कळ दिवस टिकतं. या दोन जिनसांची पुडकी भेटीत ठेवा. चुका करायला मोकळीक मिळाली की हात आपोआप बसतो.

आणि सर्वांत शेवटी, ज्याला दुकानात जावं लागत नाही असं देणं. तिला थोडं जमू लागलं की आपण सगळ्या हक्कानं म्हणतो, "अगं, चिंटूच्या वाढदिवसाला एक केक करून दे ना!" आणि पैशाचं नाव काढत नाही. साखर, लोणी, गॅस, चार तासांची मेहनत, यांना काही मोल नाही का? माझी चूक मी अशी सुधारली. आधी तिला चांगलं टर्नटेबल आणून दिलं. दोन महिन्यांनी तिच्याकडे अर्ध्या किलोचा केक सांगितला आणि बाजारभावानं पैसे पुढे केले. ती घेईना. "घरच्या माणसाकडून कसले पैसे?" मी म्हटलं, "घरच्यांनीच दिले नाहीत, तर बाहेरच्यांकडे मागायची तुला सवय कशी होणार?" तेव्हा कुठे घेतले. कड जराशी वाकडीच होती, पण त्या दिवशी तिनं हाताला दोष दिला नाही. "पुढच्या वेळी क्रीम आणखी गार करीन" म्हणाली.

आता ती घरून केक विकायचं म्हणते आहे. त्यासाठी अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो अर्ज भरायला मी रविवारी तिच्याजवळ बसणार आहे. हीसुद्धा भेटच, नाही का?

आणि हो, ती माळ्यावरची पेटी खाली आली आहे. त्यातली पाच नोझल ती वापरते. बाकीची? आमच्या मुलांनी मातीच्या खेळात घेतली!