स्वस्त गोळीची चाचणी कोण घेणार?

कात्रज डेपोत एक आई भेटल्या. शेजारी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, दोन्ही हात कानांवर. हॉर्न वाजला की हात आणखी आवळायचा. तो स्वमग्न आहे, हे त्यांनीच सांगितलं आणि पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. “आमच्या सासूबाई मायग्रेनसाठी घेतात. ऑटिझमलाही चालते म्हणे. याला देऊन बघू का?”

मी विचारलं, “याला पंप लागतो का?”

लहानपणापासून लागतो. पट्टी परत ठेवायला लावली, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना दम्याची फाइल न्या म्हटलं.

गोळी प्रोप्रॅनोलॉलची. ॲड्रेनलिनचा हृदयावरचा मारा ती अडवते, मेंदूतही पोचते. म्हणून स्टेजवर जाण्याआधी धडधडणाऱ्या छातीलाही डॉक्टर ती देतात. पण हा बीटा-ब्लॉकर श्वासनलिका आवळू शकतो. दमेकऱ्याच्या जिवावर बेतेल.

त्या आईंची आशा मात्र निराधार नाही. संतापाच्या झटक्यांसाठी हे औषध स्वमग्न प्रौढांना देऊन पाहिल्याच्या नोंदी 1987 पासून आहेत. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठातल्या डेव्हिड बेव्हर्सडॉर्फ यांच्या गटानं 2016 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला: 20 स्वमग्न व्यक्तींना एकदा 40 मिलिग्रॅमची ही गोळी, एकदा खोटी गोळी, आणि तासाभरानं गप्पा. खऱ्या गोळीनंतर समोरच्याच्या बोलण्याला धरून बोलणं सुधारलं. पण माणसं वीस, गोळी एक. एवढ्यावर कुणाच्या पोराला रोजचा डोस ठरवता येत नाही.

मग मोठी चाचणी का होत नाही? मला संताप येतो तो इथे. औषध साठच्या दशकातलं, पेटंट केव्हाच संपलेलं. त्यावर कंपनी कशाला पैसा घालेल? स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती 2006 मध्ये रिस्पेरिडोनला, 2009 मध्ये ॲरिपिप्राझोलला. त्यातल्या रिस्पेरिडोननं मुलांचं वजन किती झपाट्यानं वाढतं, ते आयांना विचारा.

हा खर्च सरकारनंच उचलायला हवा. आयसीएमआरनं पैसे द्यावेत, पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी पुढं यावं. आणि मोजायचं काय, हे आधी स्वमग्न माणसांना विचारावं. नजरेला नजर देऊन बोलला म्हणजे सुधारला, हे माप आपलं. त्यांना कदाचित फक्त छातीतली धडधड कमी व्हायला हवी असेल.