पाळीच्या दिवसाचा खाडा बंद करा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जालना
मा. साखर आयुक्त, पुणे
परिसरातील साखर कारखान्यांचे कार्यकारी संचालक

विषय : ऊसतोड कामगार महिलांच्या मागण्या

महोदय,

जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे आमच्या भागात ऊस आला. जांब समर्थच्या आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून आम्ही तो तोडायला जातो. पाळीत राममंदिराची पायरी चढू नये, असे लहानपणी शिकवले. फडात मात्र त्याच दिवसांत 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. रजा घेतली की खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. तो मुकादम आगाऊ उचलीतून कापतो आणि ती फिटेपर्यंत त्याचा हिशेब संपत नाही.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी : पाळीचे दोन दिवस खाडा लावू नये, त्या दिवसांची मजुरी कारखान्याने द्यावी. बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवसांची अशी रजा मिळते. आम्ही तर कोयता चालवतो.

हा खाडा किती महाग पडतो, ते गोदावरीपलीकडच्या बीडमध्ये दिसले. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, दवाखान्यात गेले की पिशवी काढायचा सल्ला. खाडा वाचेल म्हणून बाईही होकार देते. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर ऐन तिशीत हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि कोयता सुटत नाही तो नाहीच. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या लेखी परवानगीशिवाय आमच्यापैकी कोणाचीही पिशवी काढू नये. हंगामाच्या आधी आणि नंतर सरकारी डॉक्टरीणबाईंकडून तपासणी व्हावी, तिचे कार्ड आमच्याच हातात असावे.

तळावर पाणी, आडोशाची न्हाणी, दार लागेल असा संडास आणि वापरलेली घडी टाकायची सोय हवी. कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन नाही. खोपीत ओलेच घ्यावे लागते. 1948 च्या कारखाने कायद्याने बायकांसाठी वेगळे संडास बंधनकारक केले, पण ते दाराच्या आतल्यांसाठी. आमच्या तोडीवाचून गव्हाणीत ऊस पडत नाही, तरी आम्ही 'मुकादमाच्या बाया'. कारखान्याने आमची नावे स्वतःच्या नोंदवहीत घ्यावीत, नवऱ्याच्या कोयत्याखाली नव्हे.

खर्चाचे म्हणाल, तर ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे 10 रुपये घेण्याचा निर्णय झालेला आहे. त्यातला हिस्सा तळावरच्या संडास-पाण्यासाठी राखून ठेवावा.

गाळप सुरू होण्यापूर्वी आमच्या पाच प्रतिनिधींसह बैठक बोलवावी. त्यांत निदान तिघी सध्या फडात काम करणाऱ्या असतील.

आपल्या,
जांब समर्थ परिसरातील ऊसतोड कामगार महिला