चित्रफितीवरून नादाची पारख

सिंधुदुर्गात डबलबारी ठरली की गावाची पावले देवळाकडे वळतात. दोन बुवांचा सामना रंगतो आणि पेटी, पखवाज व झांजेच्या साथीने रात्र कधी सरते ते कळत नाही. अशा एखाद्या भजनी मंडळाला नवा ध्वनिसंच घ्यावयाचा असला, की हल्ली पहिली परीक्षा मोबाइलवर होते. दोन स्पीकरांची तुलना करणारी चित्रफीत लावली जाते, चौघे कान देतात आणि वर्गणीच्या पैशांचा निर्णय तेथेच लागतो. हा निर्णय कितपत भरवशाचा असतो?

चित्रफितीतून कानी पडतो तो निव्वळ स्पीकरचा आवाज नव्हे. त्यात चित्रीकरणाच्या खोलीतील प्रतिध्वनी मिसळतो. मायक्रोफोन आपला रंग चढवितो. फाइल लहान करताना काही सूक्ष्म अंश गाळले जातात. शेवटी हे सारे ऐकणाऱ्याच्याच मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेर पडते. दहा हजारांचा संच असो वा लाखाचा, दोघांनाही त्याच अरुंद दारातून यावे लागते.

मनुष्याचा कान साधारणतः 20 ते 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकतो. पखवाजाच्या डाव्या बाजूस कणीक लावल्याने उमटणारा गंभीर नाद यातील खालच्या टोकाकडचा. मोबाइलचा स्पीकर तो जवळजवळ देतच नाही. तरीही तो ऐकल्यासारखा वाटतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मूळ खर्ज मेंदू स्वतःच जुळवून घेतो. त्यामुळे काय निसटले, याची जाणीवही होत नाही.

दुसरा चकवा आवाजाच्या मोठेपणाचा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखविले. म्हणूनच किंचित मोठ्याने वाजणारा संच अधिक भरदार भासतो आणि गुणाने सरस नसतानाही पसंतीस उतरतो.

असे चकवे जुनेच आहेत. एडिसनच्या कंपनीने 1915 पासून रंगमंचावर गायिका व ध्वनिमुद्रिका वाजविणारे यंत्र शेजारी ठेवून, दोहोंतील फरक ओळखण्याचे आव्हान श्रोत्यांना दिले. त्यांपैकी ॲना केस या गायिकेने उतारवयात सांगितले, की यंत्र फिके पडू नये म्हणून ती आपलाच आवाज बेताचा ठेवीत असे.

याचा अर्थ चित्रफिती टाकाऊ असतात, असा नव्हे. संचाचे वजन, त्याच्या जोडण्या, हाताळणीची सोय हे त्यांतून उत्तम कळते. एकाच खोलीत, एकाच मायक्रोफोनने, समान आवाजात तुलना केली असेल, तर चांगल्या हेडफोनवर थोडा फरकही उमगतो. मात्र मालवणच्या खाऱ्या हवेत जाळी व जोडण्या किती टिकतील, दुरुस्ती कुडाळ-कणकवलीस होईल की नाही, हे पडद्यावर दिसत नाही.

तेव्हा यादी चित्रफितींवरून करावी. निवड मात्र प्रत्यक्ष ऐकूनच. विक्रेत्यास विनंती करून दोन संच देवळाच्या सभामंडपात आणवावेत. आपलीच पेटी, आपलाच पखवाज, सारखे अंतर आणि सारखा आवाज ठेवून, कोणता संच वाजतो आहे हे न पाहता ऐकावे. छायाप्रत पाहून कोणी मूळ दस्तऐवज खरा मानीत नाही. नादाच्या बाबतीतही तीच सावधगिरी हवी. शेवटचा कौल मागच्या रांगेतील वृद्धांचा घ्यावा. त्यांना अभंगाचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला, तर वर्गणी सार्थकी लागली.