बावरीची वाट आणि मुलांचा खजिना

सुट्टी जवळ आली की घराघरात एकच प्रश्न निघतो, यंदा जायचे कुठे? आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचा वर्षाचा प्रवास ठरलेला असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, आणि मधल्या काळात कुणाचे लग्न किंवा कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. हे सर्व योग्यच आहे. परंतु मुलांना घेऊन, चार दिवस मोकळे काढून, आपलाच जिल्हा पाहायला निघालो आहोत असे किती घरांत घडते?

आमच्या घरी या वेळी हा विषय निघाला तो एका खेळामुळे. अकरावीत शिकणारी आमची पुतणी एक दिवस सांगू लागली, "काका-काकू, जगात लोक उपग्रहाच्या मदतीने लपवलेले डबे शोधत फिरतात. त्यासाठी सुट्ट्या काढतात, गाड्या घेऊन निघतात. आपणही करू या." तिने सांगितलेल्या त्या खेळाचे नाव जिओकॅशिंग. यातली कॅश म्हणजे रोकड नव्हे, तर लपवून ठेवलेली चीजवस्तू.

खेळाची कथा मोठी गमतीची आहे. उपग्रहांवरून आपली जागा ओळखण्याची सोय आधी अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संकेतात ते मुद्दाम चूक घालून ठेवीत, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. मे २००० च्या आरंभी ही चूक घालणे बंद झाले. लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यात रानात एक बादली ठेवली. आत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल अशा किरकोळ वस्तू होत्या. जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इतरांना कळवले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, एवढाच नियम. एका बादलीपासून सुरू झालेला हा खेळ आज जगभर खेळला जातो.

यातला अभ्यासाचा भाग आम्हाला आवडला. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश-रेखांश पाठ करणारी मुले त्यांचा उपयोग विचारतात. येथे तो हातात येतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे तीन अंक लिहिले की जागा शंभरेक मीटरपर्यंत कळते, पाच अंक लिहिले की मीटरभरापर्यंत. नांदेड सुमारे १९.१ अक्षांशावर आहे आणि लातूर १८.४ वर. मग लातूर नांदेडच्या दक्षिणेला किती किलोमीटर, हे सहावीतला मुलगा कागदावर काढून दाखवतो. आमच्या घरच्याने काढून दाखवलेही!

मात्र डबे लपवण्याच्या कल्पनेला आम्ही आरंभीच नकार दिला. त्याची कारणे सांगणे आवश्यक वाटते. आपल्याकडे बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना बोलावतात, ते बरोबरच आहे. लेणी, किल्ले, जुनी मंदिरे ही संरक्षित स्मारके असतात. तेथे खणणे, काही पुरणे, दगड हलवणे हा गुन्हा आहे. सर्वांत मोठे कारण म्हणजे आपल्या मराठवाड्यातील गुप्तधनाचे वेड. माळावर चार अनोळखी माणसे जमिनीकडे पाहत फिरू लागली की गावात कुजबुज सुरू होते. गुप्तधनाच्या लोभापायी भोंदूंच्या नादी लागून माणसांनी माणसांचे जीव घेतले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात अशा शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय झाले ते आपण विसरू नये. मुले पळवणारे समजून पाच निरपराध भटक्या बांधवांना जमावाने ठार मारले. अनोळखी गावात गरीब माणसाकडे संशयाने पाहिले जाते, हे मुलांना घेऊन निघणाऱ्या आईबापांनी ध्यानात ठेवलेच पाहिजे.

म्हणून आम्ही खेळ थोडा बदलला. त्या खेळातही डब्याविना एक प्रकार असतो. ठरलेल्या जागी पोहोचायचे, तेथे गेल्याशिवाय सुटणार नाही अशा प्रश्नाचे उत्तर शोधायचे आणि वहीत लिहायचे. आमच्या मुलांनी याला नाव दिले 'प्रश्नाची सहल'.

हे नाव ऐकताच आम्हाला बावरीची आठवण झाली. सुत्तनिपातातील पारायणवग्गात ही कथा आहे. धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपाताचा मराठी अनुवाद केला आहे, तो घरी असावा. बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण अस्सकांच्या प्रदेशात गोदावरीच्या काठी राहत होता. म्हणजे आपल्याच मुलखात. त्याच्याकडे आलेल्या एकाने पाचशे नाणी मागितली. ती न मिळाल्याने सात दिवसांत तुझ्या डोक्याची सात शकले होतील, असा शाप दिला. बावरी भयाने खंगला. बुद्धाची वार्ता कळल्यावर त्याने आपले सोळा शिष्य पाठवले आणि बजावले की, प्रश्न तोंडाने नव्हे, मनातल्या मनात विचारा. ते सोळा जण प्रतिष्ठान म्हणजे पैठण, मग महिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, कपिलवस्तू, कुशिनारा, पावा, वैशाली असे करीत मगधात पोहोचले. मराठवाड्यातून निघालेल्या इतक्या जुन्या प्रवासाचे मुक्कामवार वर्णन दुसरे क्वचितच मिळेल. डोक्याच्या शापाविषयी भगवंतांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, अविद्या हेच ते डोके आणि विद्या ही ते फोडणारी. शापाला भिऊन निघालेली माणसे ज्ञान घेऊन परतली. यापेक्षा चांगली सहल कोणती?

आता आमचा बेत सांगतो. मराठवाड्यातील मे महिन्याचे ऊन मुलांना आणि म्हाताऱ्यांना सोसणारे नाही, म्हणून दिवाळीची सुट्टी किंवा पौष महिना धरावा. शेजारचे एक कुटुंब आणि आम्ही मिळून एक जीप, तीन दिवस. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरची.

पहिला दिवस नांदेडचा. नांदेडहून अर्धापूरकडे जाताना दाभड येथे महाविहार आहे, त्या परिसराचे नाव बावरीनगर. पौष पौर्णिमेच्या सुमारास तेथे धम्म परिषद भरते आणि गावोगावचे उपासक-उपासिका येतात. तेथील प्रश्न असा की, बावरीचे शिष्य आज निघाले तर मगधापर्यंत कोणकोणत्या राज्यांतून जातील? नांदेड शहरात गुरुद्वाऱ्यात जावे. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथेच निधन झाले. लंगरच्या पंगतीत जात विचारीत नाहीत, हे मुलांनी बसून अनुभवावे. याच शहरात नामांतरासाठी १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १९७८ मध्ये याच जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, ते किती घरांच्या राखेवरून मिळाले, याचा हिशेब मुलांनी वहीत मांडावा. संध्याकाळी कंधारचा भुईकोट किल्ला. तेथला प्रश्न सोपा आहे, खंदकात पाणी कोठून आणले असेल?

दुसरा दिवस लातूरचा. अहमदपूर, चाकूरवरून लातूर गाठायचे आणि पुढे औसा तालुक्यातील खरोसा लेणी पाहायची. सुमारे सहाव्या शतकातील ही लेणी. त्यात बौद्ध लेणे आहे, हे आपल्यातील पुष्कळांना माहीत नाही. प्रश्न असे की, बुद्धमूर्ती बसलेली आहे की उभी? दगड अजिंठ्यासारखा काळा आहे की वेगळा? तो इतका का झिजला? भिंतीवर कोळशाने नाव लिहिणारा एकही हात आपल्या मुलाचा नसावा. त्याच तालुक्यात किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. जुन्या गावठाणावर हसणे-खिदळणे नको. दगडमातीच्या जड भिंती माणसांवर का कोसळल्या, एवढेच समजून घ्यावे.

तिसरा दिवस धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि कसबे तडवळे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारी बाजारपेठ. तेथील संग्रहालय पाहावेच. त्रिविक्रम मंदिर हे मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह होते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मुलांनी कुणाशी वाद न घालता मंदिराला फेरी मारावी आणि मागची भिंत सरळ आहे की अर्धगोल ते पाहावे. मग अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्याचे चित्र काढून ताडावे. कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली, तिला बाबासाहेब आले होते. त्या गावात परिषदेच्या आठवणी सांगणारी घरे असतील, तर मुलांनी त्या ऐकून लिहून घ्याव्यात.

येथपर्यंत बेत सर्वांना मान्य झाला. अडचण आली ती पुतणीने नकाशावर आणखी एक खूण केली तेव्हा. ती खूण आमच्या गावाची होती. १९७८ च्या दंगलीत आमच्या वस्तीला आग लागली, तेव्हा आमची माय आम्हा भावंडांना घेऊन रातोरात निघाली. त्यानंतर आम्ही त्या गावात पाऊल टाकलेले नाही. मुलांना आजपर्यंत एवढेच सांगितले होते की, आपण पूर्वी खेड्यात राहत होतो.

माय म्हणाली, "तिथं काय राहिलंय आता? जायचं न्हाई."

आम्ही गप्प राहिलो. पण मुले गप्प राहत नसतात. धाकट्याने विचारले, "आजी, निघताना काही विसरलं होतं का?" माय बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "जातं. माझ्या मायनं दिलतं. उचललं न्हाई गेलं." आणि पाठोपाठ तिने वाटही सांगितली. बारवेपासून उगवतीला तीन शेतं, मग लिंब, लिंबाच्या खाली घर. मुलांनी उपग्रहाचे चित्र काढून बारव शोधली, तीन शेते मोजली. तेथे खरोखरच एका झाडाचा घेर दिसत होता. मायला दाखवले. तिने चष्मा पुसून पाहिले आणि म्हणाली, "मोठं झालं की गं." रात्री जेवताना, कुणी विचारले नसताना, तिने सांगितले, "मी बी येते."

आता हे गाव आमच्या बेतात शेवटचा मुक्काम आहे. तेथे अजून राहणाऱ्या भावकीतल्या एकाला फोन करून ठेवला आहे. ते पोलीस पाटलांच्या कानावर घालतील, मगच आम्ही जाऊ. दिवसा जाऊ, दिवसाच परतू. जाते सापडेल अशी फारशी आशा आम्हाला नाही. ती जागा आता कुणाच्या शेतात असेल तर विचारल्याशिवाय बांध ओलांडायचा नाही, आणि नाही म्हणाले तर लांबूनच पाहायचे, असे मुलांना बजावले आहे. परंतु माय तेथे उभी राहून जे सांगेल ते मुले लिहून घेतील. त्यासाठी कोरी दोनशे पानी वही घेतली आहे.

बंधूंनो, भगिनींनो, आपल्या प्रत्येक घरात अशी एखादी खूण आहे. कुणाची वेस, कुणाची विहीर, कुणाची शाळेबाहेरची जागा. ती सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. ती गेली की कोणताही उपग्रह ती जागा दाखवू शकणार नाही. तेव्हा या सुट्टीत निघण्यापूर्वी थोडे करा. घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारा, त्यांची इच्छा नसेल तर आग्रह नको. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या, माळावर रेंज नसते. गावात पोहोचताच ओळख द्या. लेण्यांत कचरा टाकू नका, उलट एक पिशवी भरून उचलून आणा. आणि मुलांच्या हाती वही द्या, कारण मोबाइल बदलतो, वही राहते.

बावरीला वयामुळे जाता आले नाही. त्याचा पिंगिय नावाचा वृद्ध शिष्य परतला आणि पाहिलेले, ऐकलेले त्याने गुरूला सांगितले. आपल्या घरांतही जे जाऊ शकत नाहीत त्यांच्याजवळ बसून, परतल्यावर वही मोठ्याने वाचून दाखवा. सहल तेव्हा पुरी झाली असे समजा.

आमच्या सहलीत काय सापडले ते परत आल्यावर याच पानावर सांगू. जय भीम!