शिकविलेले घुबड मंडपात नको

बुधवार पेठेतील पालक, शिक्षक व गणेशमंडळांचे कार्यकर्ते यांस जाहीर विनंती

घुबडाविषयीची अंधश्रद्धा घालविण्यासाठी माणसाळविलेले घुबड हातावर घेऊन शाळांतून व उत्सवमंडपांतून व्याख्याने द्यावीत, इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत रूढच आहे, असे प्रतिपादन काही सुशिक्षित माणसे सद्‌हेतूने करतात. त्या हेतूविषयी आदर बाळगूनही आमचा या कल्पनेस ठाम विरोध आहे.

असे घुबड तयार करण्यासाठी बहुधा पिलू कोवळ्या वयातच आईबापांपासून अलग करून माणसाच्या हातून भरवितात, म्हणजे ते माणसालाच स्वजातीय समजू लागते. पुढे पायांत चामड्याचे बंद अडकवून, रोज वजन करून, भूक शिल्लक राहील इतक्या बेताने मांस देऊन त्यास हातावर येण्याची सवय लावतात. प्रेक्षकांस जो लळा वाटतो, ती भूक आणि सवय असते. शिवाय गव्हाणी घुबड गडद अंधारात केवळ कानाने उंदराचा ठाव घेते. त्या कानांना ढोलताशांच्या मंडपात बसविणे ही निखालस क्रूरता होय.

इंग्लंड-अमेरिकेत अनेक ठिकाणी कायमचे जायबंदी झालेले पक्षीच वापरतात, हा प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ मुद्दा. परंतु आपल्या मुलखात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घुबड पकडणे व विकणे गुन्हा असूनही दिवाळीच्या सुमारास तांत्रिक विधींसाठी त्याचा चोरटा व्यापार चालतो. आणि हॅरी पॉटरच्या पुस्तकांच्या वेडापायी शहरी कुटुंबे मुलांसाठी घुबडे मागू लागल्याची खंत तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २०१० साली जाहीरपणे व्यक्त केली होती. पुस्तकातील घुबडाने जेथे मागणी निर्माण केली, तेथे हातभर अंतरावरील जिवंत घुबड ती किती वाढवील? जायबंदी पक्ष्याने उपचारकेंद्रातच, गर्दीपासून दूर राहावे.

पुरंदर तालुक्यातील पिंगोरीस इला फाउंडेशनने २०१८ च्या नोव्हेंबरात घुबड महोत्सव भरवून चित्रे, कविता व व्याख्याने यांच्या द्वारे हेच लोकशिक्षण केले. भिडे वाड्यात १८४८ साली मुलींची शाळा भरविणाऱ्या या पेठेलाही त्यासाठी बंदिवान पक्ष्याची गरज नाही. शिक्षकांनी मुलांस सायंकाळी जुन्या वाड्याच्या वळचणीपाशी दुरून निरीक्षणास न्यावे; घुबडाने ओकून टाकलेली, उंदरांच्या हाडांकेसांची गोळी वर्गात उकलून दाखवावी. मंडळांनी बंदिस्त घुबडाच्या कार्यक्रमास वर्गणीतला एक पैसाही देऊ नये, आणि कोठे घुबड विक्रीस आलेले दिसल्यास वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी.