शाळा सोडण्याची चैन कोणाची?

माझी लेक पाचवीत आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना तिच्या बाईंनी भर वर्गात ‘एससीची मुलं उभी राहा’ असं फर्मावलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “मम्मी, मी उद्यापासून नाही जाणार.”

त्याच आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याने शेतावर बोलावलं. आयटीतली नोकरी सोडून तो तीन एकरांवर राहायला गेलाय. मातीचं घर, दोन गाई, सौरदिवे, घरचं बियाणं. मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. “शाळा मुलांना मारून टाकते, तूही काढ तिला,” तो म्हणाला. खरं सांगते, मला मोह झाला.

मग गोठ्याकडे नजर गेली. सालगड्याचा मुलगा शेण भरत होता. थोड्या वेळापूर्वी मित्राचा मुलगा शेणाने अंगण सारवत होता, तेव्हा त्याच्या आईने कौतुकाने व्हिडिओ काढला होता. दोघं एकाच वयाचे, दोघंही शाळेत नाहीत. एकाचं ते ‘अनुभवातून शिक्षण’, दुसरा ‘शाळाबाह्य’. उद्या पहिला मुक्त विद्यालयाची परीक्षा देईल. शिकवायला घरात दोन इंजिनिअर आहेत. दुसऱ्याचं काय? आणि स्वावलंबी शेतावर सालगडी कशाला लागतो?

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. मित्राच्या आजोबांच्या नावावर सातबारा होता. माझ्या आजोबांच्या वाट्याला लोकांच्या बांधावरची मजुरी होती. ‘स्वयंपूर्ण गाव’ आमच्या लोकांनी आतून पाहिलंय. महारांनी मेलेली ढोरं ओढली, मातंगांनी दोर वळले, म्हणून ते गाव स्वयंपूर्ण होतं. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ला बाबासाहेबांनी या गावाचं गुणगान धुडकावलं, ते उगाच नव्हे.

घरातून मिळणारं शिक्षण ही जातीची सगळ्यात जुनी शाळा आहे. १९५३मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा, अशी योजना होती. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिचं नाव ठेवलं ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण. न्हाव्याच्या पोराने वस्तराच धरायचा, हा त्यातला डाव त्यांनी ओळखला. १९५४मध्ये राजाजींना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं आणि कामराजांनी योजना गुंडाळली.

आमच्यासाठी शाळा म्हणजे कुळाच्या बाहेर पडायचा दरवाजा. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. घरी बसून तिला लेखणी कोणी दिली असती?

शाळेत जातीयता नाही, असं मी म्हणत नाही. माझ्या लेकीने ती सोसली आहे. पण ज्यांना शाळा मागावी लागली नाही, त्यांना ती सोडणं सोपं जातं. त्यांची मुलं बाहेर पडली की त्या शाळेबद्दल बोलणारे वजनदार पालकही जातात. मागे राहतात ती आपली मुलं.

मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दिलाय: जातीची माहिती पालकांकडून, बंद पाकिटात घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७मध्ये मुलांच्या मानसिक छळाला बंदी आहे, हेही त्यात लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. लेक मात्र शाळेत जाते. पहिले दोन दिवस मी तिच्यासोबत वर्गाच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्या दिवशी तिने मला फाटकापाशीच थांबायला सांगितलं.

जय भीम.