सॅल्मन सावरला, हे कोणत्या वर्षी ठरवायचं?

अमेरिकेत ऑरेगनच्या किनारी नद्यांत कोहो सॅल्मन भरभरून परतले, की एकच मागणी जोर धरते: मासा सावरला, आता संरक्षण उठवा. 1998 मध्ये कायद्यानं या माशाला संरक्षण दिलं. 2014 मध्ये नदीतच जन्मलेले 3.5 लाखांहून जास्त कोहो अंडी घालायला आले. मग निर्बंध हवेत कशाला?

हा युक्तिवाद वर्षभरही टिकला नाही. 2015 मध्ये संख्या 60 हजारांच्या आत आली. नद्या त्याच होत्या, बिघडला होता समुद्र. कोहो साधारण दीड वर्ष गोड्या पाण्यात आणि तेवढाच काळ समुद्रात काढतो. प्रशांत महासागर असाधारण तापला आणि मासा परतलाच नाही. समुद्राची मेहेरबानी नदीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

दुसरा दावा असा, की मत्स्यबीज केंद्रं हवे तेवढे मासे सोडतील. केंद्रातले मासे वगळून संरक्षण देता येत नाही, असं सांगून न्यायालयानं 2001 मध्ये कोहोचं संरक्षण रद्दही केलं. 2008 मध्ये पुन्हा द्यावं लागलं. पण केंद्रातला मासा जंगली माशाची जागा घेत नाही: ऑरेगनमधल्या उम्पक्वा नदीच्या खोऱ्यातल्या अभ्यासात केंद्रातल्या कोहोंची नदीतली प्रजा जंगली कोहोंपेक्षा कमी भरली. म्हणूनच मोजणीवाले हिवाळ्यात ओढ्यात उतरतात, मेलेला मासा उचलतात आणि शेपटीजवळचा पाठीवरचा इवलासा पर बघतात. तो छाटलेला असला, तर मासा केंद्रातला.

मग सावरणं मोजायचं कसं? समुद्र रुसलेल्या वर्षांत. अंडी घालणाऱ्या माशांच्या मानानं किती पिल्लं समुद्राकडे निघाली, हे बघावं. तेही एका नदीत नव्हे. या किनाऱ्यावर कोहोचे 21 स्वतंत्र समूह आहेत. पिल्लांचा कस हिवाळी पुरात लागतो. तेव्हा संथ पाणी लागतं: बीव्हर नावाच्या प्राण्यानं बांधलेले बंधारे, आडवे पडलेले ओंडके, पात्राबाहेरची डबकी. सिल्टकूस, टाहकेनिच, टेनमाईल या तळ्यांतले कोहो तुलनेनं तगले, कारण तिथं असा आसरा आहे. बाकी नद्यांत तो वृक्षतोडीनं, बांधबंदिस्तीनं आणि पात्रातले ओंडके उपसल्यानं गेला.

संरक्षण कायमचं असावं, असं माझं म्हणणं नाही. मासेमारीवर पोट असणाऱ्यांनी निर्बंधांची किंमत मोजली आहे. त्यांना भरवशाचा मासा हवा असेल, तर नद्यांना त्यांचं संथ पाणी परत द्यावं लागेल. लागोपाठच्या वाईट वर्षांतही बहुतेक खोरी तगली, तर संरक्षण जरूर उठवा. भरभराटीच्या एका हंगामावर हा निर्णय घेऊ नका.